शुगर ४३ वर आली तरी कळत का नाही: हरवलेली जाणीव परत मिळवण्याच्या पायऱ्या

एका रविवारी दुपारी बाबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. आईचं सहज लक्ष गेलं, तर दाणे टरफलांच्या टोपलीत पडत होते आणि टरफलं पातेल्यात. "अहो, हे काय चाललंय?" तिने विचारलं. "शेंगा फोडतोय," असं शांतपणे म्हणून बाबांनी पुन्हा तेच सुरू केलं. अंगाला घाम नव्हता, हात थरथरत नव्हते, भूक लागली नव्हती. बोट टोचून पाहिलं तर मीटरवर ४३.

साखरपाणी पाजल्यावर वीसेक मिनिटांत ते भानावर आले. "मला काहीच होत नव्हतं," हे मात्र ते रात्रीपर्यंत सांगत राहिले. त्यांना हट्टी समजून मी पुढचे कितीतरी दिवस त्यांच्यावर चिडत होते. ते अगदी खरं बोलत होते, हे मला फार उशिरा कळलं. शुगर कमी झाल्याची जाणीवच न होणं हा निष्काळजीपणा नसतो. वारंवार शुगर कमी होत राहिली की शरीराला ती सवय लागते, आणि ती बऱ्याच जणांमध्ये मोडताही येते. कशी, तेच इथे पायरीपायरीने लिहिते आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. इन्सुलिनचा किंवा गोळ्यांचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) असलेल्यांनी तर इन्सुलिन कधीच बंद करायचं नाही.

शरीर इशारा कसं देतं

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. शुगर १०० असेल (म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम), तर त्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम ५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे चहाचा एक चमचा. एकट्या मेंदूला दिवसभरात सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि साठा करायला त्याच्याकडे जवळपास जागाच नसते. म्हणून शुगर घसरू लागली की शरीर एकापाठोपाठ एक उपाय करतं.

मधुमेह नसलेल्या माणसात शुगर ८० ते ८५ च्या आसपास आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं कमी करतं. ती ६५ ते ७० पर्यंत उतरली की ग्लुकागॉन हे संप्रेरक यकृतातली साखर बाहेर काढतं आणि सोबत ॲड्रिनलिन हे दुसरं संप्रेरकही वाढतं. तरीही घसरण थांबली नाही, तर ५५ च्या खाली दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, पोटात खड्डा पडल्यासारखी भूक ही लक्षणं सुरू होतात. मेंदूचं काम स्पष्टपणे बिघडतं ते साधारण ५० च्या खाली. मेंदू अडखळण्याआधी माणूस धावत जाऊन साखर खाईल, एवढा वेळ शरीराने राखून ठेवलेला असतो.

इन्सुलिन घेणाऱ्याचं काय होतं पाहा. टोचलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही, त्यामुळे पहिला उपाय संपला. टाइप १ मध्ये काही वर्षांतच शुगर कमी झाल्यावर ग्लुकागॉन वाढेनासं होतं. टाइप २ मध्येही बरीच वर्षं उलटून स्वतःचं इन्सुलिन संपत आलं की तेच होतं, म्हणजे दुसराही उपाय गेला. उरतं ॲड्रिनलिन. घाम, कंप, धडधड ही लक्षणं बरीचशी याच यंत्रणेतून येतात. तीच उशिरा जागी झाली, तर आधी मेंदू गोंधळतो आणि इशारा मागून येतो. कधी येतच नाही.

ही यंत्रणा का झोपते?

याचं मुख्य कारण एकच आहे: आधी होऊन गेलेले 'लो', म्हणजे शुगर खूप कमी झाल्याचे प्रसंग. १९९१ साली सायमन हेलर आणि फिलिप क्रायर या संशोधकांनी मधुमेह नसलेल्या निरोगी माणसांवर प्रयोग केला. एका दुपारी त्यांची शुगर मुद्दाम कमी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कमी केली. दुसऱ्या वेळी ॲड्रिनलिनही कमी वाढलं आणि लक्षणंही सौम्य झाली. निरोगी शरीरात एका दुपारीने हे होतं. मग ज्यांची शुगर आठवड्यातून तीन-चारदा, त्यातही बऱ्याचदा झोपेत, ६० च्या खाली जाते, त्यांचं काय होत असेल?

पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत राहणाऱ्याला काही दिवसांनी घरघर ऐकूच येत नाही, तसं हे आहे. इशारा ज्या आकड्याला मिळायचा तो आकडा खाली खाली सरकतो. कळत नाही म्हणून लो होतात आणि लो होतात म्हणून आणखी कळेनासं होतं. या चक्राची नीट मांडणी क्रायर यांनी केली. टाइप १ असलेल्या प्रौढांपैकी साधारण चौघांतल्या एकामध्ये ही जाणीव कमी झालेली आढळते. इन्सुलिनवर असलेल्या टाइप २ मध्ये हे प्रमाण दहात एकाच्या आसपास आहे. जाणीव गेलेल्या टाइप १ च्या माणसाला, दुसऱ्याने मदत करावी लागेल असा गंभीर लो होण्याचा धोका सुमारे सहापट असतो.

हा आकडा वरही सरकू शकतो. महिनोन्महिने ३०० वर राहिलेल्या माणसाची शुगर १२० वर आली की त्याला घाम फुटतो, गळून गेल्यासारखं वाटतं आणि तो साखर खातो. माझ्या मावशीचं हेच व्हायचं. म्हणून फक्त अंगाला काय वाटतं त्यावर जाऊ नका, मीटर लावा.

जाणीव कमी होण्यात इतर गोष्टींचाही हात असतो. झोपेत ॲड्रिनलिनचा प्रतिसाद मंद असतो. उतारवयात इशारा आणि मेंदूचा गोंधळ यांतलं अंतर कमी होतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला साखर खायला उठायची सवडच मिळत नाही. ब्लडप्रेशर किंवा हृदयासाठी दिलेल्या मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल या गोळ्यांनी धडधड आणि कंप दबू शकतात. घाम मात्र बहुधा येतोच. या गोळ्या घेणाऱ्याला विनाकारण घाम आला, तर आधी शुगर बघायची.

पायरी १: जाणीव किती उरली आहे?

१९९४ साली एडिंबरातल्या डॉक्टरांनी यासाठी एक सोपा प्रश्न वापरला, तो घरीही विचारता येतो. शुगर कमी व्हायला लागली की तुम्हाला कळतं का? नेहमी कळत असेल तर १, कधीच कळत नसेल तर ७. उत्तर ४ किंवा त्याहून जास्त असेल, तर जाणीव कमी झाली आहे असं धरायचं.

हाच प्रश्न घरातल्या माणसालाही वेगळा विचारा. बाबांनी स्वतःला २ दिले होते, आईने त्यांना ६ दिले. आईचं बरोबर होतं. शिवाय मागच्या वर्षभरात दुसऱ्याने साखर भरवावी लागली का, मीटरवर ५४ च्या खालचा आकडा काहीही न जाणवता आला का, तेही आठवा. यातलं एकही 'हो' असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

पायरी २: लपलेले लो शोधा

एचबीए१सी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो दोन-तीन महिन्यांचा अंदाजे सरासरी आकडा असतो. एक दिवस ५० आणि दुसऱ्या दिवशी २५० झाली, तरी सरासरी देखणी दिसते. बाबांचा एचबीए१सी ६.४ होता आणि आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी होतो.

दोन आठवडे वही ठेवा. सकाळी उपाशीपोटी, दोन्ही जेवणांआधी आणि झोपताना शुगर मोजा. त्या दोन आठवड्यांत तीन-चार वेळा पहाटे ३ वाजताही मोजा. पहाटेचं मोजणं जिवावर येतं, पण सर्वांत जास्त माहिती तिथूनच मिळते. प्रत्येक आकड्याशेजारी डोस, जेवणाची वेळ आणि त्या दिवशीचं चालणं किंवा शेतातलं काम लिहा. उठताना डोकं जड असणं, उशी किंवा बनियन घामाने भिजलेली असणं, भयंकर स्वप्नं पडणं, झोपेत ओरडणं, याचीही नोंद करा. शुगर रात्री उतरल्याच्या या खुणा असू शकतात.

पायरी ३: शुगर उतरते कशामुळे?

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरातल्या घरात काही गोष्टी तपासता येतात. सगळ्यात आधी सिरिंज आणि बाटली. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिट आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन ताकदींत मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपीची असते, १०० ची नारिंगी. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात १० नव्हे, २५ युनिट जातात. मेडिकलवाल्याने बदलून दिलेली एक सिरिंज जिवावर बेतू शकते. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक खरेदीच्या वेळी ताडून बघा. पेनच्या कार्ट्रिजमधून साध्या सिरिंजने इन्सुलिन कधीही काढू नका.

मग पोटावर आणि मांड्यांवर हात फिरवून बघा. वर्षानुवर्षं त्याच जागी टोचल्याने त्वचेखाली मऊ किंवा रबरासारख्या गाठी होतात. त्यांतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही, आणि शुगर लहरीपणे वरखाली होते. गाठ सोडून दुसरीकडे टोचायलाच हवं. पण चांगल्या त्वचेत तेच युनिट जास्त लागू पडतात, म्हणून जागा बदलण्याआधी डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना विचारा. आमच्या घरी गुपित इथेच सापडलं. बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढी गाठ होती आणि बाबा तिथेच टोचायचे, कारण तिथे दुखत नाही.

३०/७० चं मिश्र इन्सुलिन (३० टक्के लवकर आणि ७० टक्के हळू काम करणारं) घेऊन जेवण लांबवणं हेही नेहमीचं कारण आहे. लग्नघरी टोचून घेतलं आणि पंगत दीड तास उशिरा बसली, की शुगर उतरते.

गोळ्यांपैकी ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांनी शुगर खाली जाऊ शकते. त्यातही वय झालेल्यांना आणि किडनी कमजोर असलेल्यांना ग्लिबेनक्लामाइडचा धोका जास्त. नुसत्या मेटफॉर्मिनने असं क्वचितच होतं. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून वर्षानुवर्षं सोसलेला डोस अचानक जास्त व्हायला लागतो. किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिन तपासणीचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा.

पायरी ४: डॉक्टरांसमोर काय मांडायचं?

वही, मीटर, वापरात असलेली सिरिंज किंवा पेन आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. रुग्णासोबत घरातला एक माणूस असू द्या, कारण लोचं वर्णन तोच खरं करू शकतो. आणि पहिलं वाक्य हे बोला: "यांना शुगर कमी झालेली कळत नाही." आम्ही दोन वर्षं फक्त रिपोर्ट पुढे करत राहिलो, हे वाक्य कधी बोललोच नाही.

मग विचारा: काही आठवडे शुगरचं लक्ष्य थोडं वर नेता येईल का? रात्रीचा डोस कमी करता येईल का? मिश्र इन्सुलिनऐवजी दुसरी पद्धत बरी पडेल का? यांच्यासाठी कोणता एचबीए१सी योग्य आहे? वय झालेल्या, इतर आजार असलेल्या माणसासाठी डॉक्टर अनेकदा ८ च्या आसपासचं लक्ष्यही मान्य करतात. घट्ट नियंत्रणाने डोळे, किडनी, नसा वाचतात हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ च्या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं. त्याच अभ्यासात गंभीर लोचं प्रमाण सुमारे तिप्पटही झालं होतं. म्हणून हा तोल डॉक्टरांबरोबर बसूनच साधायचा.

पायरी ५: एकही लो न होता तीन आठवडे

सगळ्या उपचाराचा गाभा हाच आहे. १९९३-९४ च्या सुमारास निरनिराळ्या गटांनी केलेल्या अभ्यासांत दिसलं, की लो काटेकोरपणे टाळले तर दोन-तीन आठवड्यांत लक्षणं परत जाणवू लागतात. पुढची सुधारणा काही महिने चालू राहते. ॲड्रिनलिनचा जोर प्रत्येकात पूर्ण परततोच असं नाही, पण घाम आणि थरथर परत येणं हीच मोठी कमाई आहे.

या काळात मीटरवरचा ७० हा शेवटचा आकडा समजा. ७० च्या खाली काहीही आलं, लक्षण असो वा नसो, लगेच उपाय करायचा. झोपताना आकडा किती हवा, तो डॉक्टरांकडून ठरवून घ्या. त्याहून कमी असेल तर थोडं खाऊन झोपा. जेवणाची वेळ चुकवू नका. शुगर अधूनमधून २०० झाली, तर हे काही आठवडे जीव कासावीस करून घेऊ नका. आमच्या घरी सगळ्यात अवघड हेच गेलं, कारण बाबांना २०० दिसलं की अपराधी वाटायचं आणि ते गुपचूप दोन युनिट वाढवायचे. त्या वाढवलेल्या दोन युनिटांचा हिशेब पहाटे तीनला व्हायचा.

ब्रिटनमध्ये जाणीव कमी झालेल्या, टाइप १ च्या ९६ प्रौढांचा २४ आठवडे अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. इन्सुलिन पंप असो वा रोजची इंजेक्शनं, अंगावर लावून शुगर मोजणारा सेन्सर असो वा बोट टोचणं, नीट शिक्षण आणि नियमित पाठपुरावा मिळाल्यावर जाणीव सगळ्याच गटांत सुधारली. महागडं यंत्र घेता येत नाही म्हणून कोणी आशा सोडू नये, एवढ्यासाठी हे मुद्दाम लिहिलं.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी बाबा स्वतःहून म्हणाले, "मानेला घाम आलाय गं, बघ जरा." मीटरवर ६४ होते.

पायरी ६: बारीक खुणा ओळखायला शिका

घाम आणि धडधड गेली, तरी मेंदू आपल्या परीने काही खुणा देतो. त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. कुणाला तीच ओळ दोनदा वाचावी लागते. कुणाच्या ओठांना मुंग्या येतात, कुणी एकाएकी गप्प होतं, कुणी किरकोळ गोष्टीवर भडकतं, कुणाची जीभ जड होते. यासाठी एक सवय लावा. बोट टोचण्याआधी आकड्याचा अंदाज बोला, मग मोजा. दोन्ही वहीत लिहा. महिन्याभरात आपला अंदाज कुठे चुकतो ते स्वच्छ दिसतं, आणि कोणती खूण आपली आहे तेही.

घरच्यांनी "शुगर कमी झालीय तुमची, खा" असं दरडावू नये. त्या क्षणी समोरच्याचा मेंदू उपाशी असतो आणि तो भांडणारच. आईने एक युक्ती काढली: "चला, दोघंही मोजून बघू." तिला मधुमेह नाही, पण आधी तिचं बोट टोचलं की बाबा मुकाट्याने हात पुढे करतात.

लो झाला की काय द्यायचं?

१५ ग्रॅम लवकर भिनणारी साखर द्या: तीन सपाट चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, किंवा साधारण १५० मिलिलिटर साधं गोड सॉफ्ट ड्रिंक. 'डाएट' लिहिलेलं चालत नाही. १५ मिनिटांनी परत मोजा, ७० च्या वर नसेल तर तेवढंच पुन्हा द्या. आकडा वर आला आणि जेवायला वेळ असेल, तर अर्धी पोळी किंवा कपभर दूध द्या. पेढा, लाडू, चॉकलेट, क्रीमचं बिस्किट यांतल्या तुपातेलामुळे साखर हळू भिनते, म्हणून आधी ते नको.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील, तर साधी साखर, गूळ, मिठाई लवकर उपयोगी पडत नाही, कारण ती साखर आतड्यात फुटणंच या गोळ्या लांबवतात. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. आपल्याकडे व्होग्लिबोज पुष्कळ दिली जाते, म्हणून पाकिटावरचं नाव आत्ताच वाचा.

माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, हे पहिल्या वाक्यात सांगा. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरी ठेवावं का, ते डॉक्टरांना विचारा. ठेवलंत तर ते देणारा माणूस आधीच शिकलेला असू द्या. आणि वर सांगितलेल्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे गंभीर लो झाला असेल, तर शुद्ध आली म्हणून घरी थांबू नका. गोळीचा असर टिकून राहतो आणि काही तासांनी शुगर पुन्हा घसरते. दवाखान्यात देखरेखीखाली राहायला हवं.

सेन्सर, उपास, दारू, गाडी

दंडावर लावायचा सेन्सर परवडत असेल, तर घेताना कमी शुगरचा अलार्म स्वतःहून वाजतो का ते विचारा. सगळ्या प्रकारांत ती सोय नसते, आणि जाणीव गेलेल्या माणसाला अलार्मच हवा असतो. सेन्सर रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून शुगर भराभर बदलत असताना तो काही मिनिटं मागे असतो. त्या कुशीवर झोपल्याने दाब पडला तर खोटा कमी आकडाही दिसतो. शंका आली की बोट टोचून खात्री करा.

एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रोजे: डोस तोच ठेवून उपास नको. जाणीव परत येईपर्यंत तर उपास बाजूलाच ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आईने बाबांचा संकष्टीचा उपास स्वतःकडे घेतला आणि विषय संपवला.

दारूमुळे यकृत नवी साखर तयार करू शकत नाही. रात्री घेतलेल्या दारूने पहाटे किंवा सकाळी लो होतो, आणि बघणारे नशा समजून झोपू देतात. भरपूर चालणं, पोहणं किंवा शेतात राबणं झालं, तर त्याचा परिणाम २४ तासांपर्यंत राहू शकतो. त्या रात्री झोपताना मोजाच.

गाडी चालवण्याआधी शुगर ९० च्या वर हवी. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून मोजा. वाटेत लो झाला, तर आकडा वर आल्यानंतरही पाऊण तास स्टिअरिंगला हात लावू नका. जाणीव पूर्ण गेली असेल, तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दुचाकीची किल्लीही घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असू द्या.

जाणीव परत आल्यावर

ती पुन्हा हरवूही शकते. एका रात्री शुगर ५४ च्या खाली गेली, तर पुढचे दोन-तीन दिवस शरीर इशारा देणार नाही असंच धरून चाला. या दिवसांत जास्त वेळा मोजा, आणि एकट्याने पोहायला किंवा लांबच्या फेरीला जाऊ नका. आठवड्यात दोन लो झाले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. ग्लुकोजची पाकिटं उशाशी, गाडीत आणि शर्टाच्या खिशात अशी तीन ठिकाणी ठेवा. दर महिन्याला ती उघडून बघा, पावसाळ्यात पावडरीचा दगड होतो.